मावशीच्या पुडीत काय होतं?

गेल्या वर्षी आमच्या मावशीला आयसीयूत ठेवावं लागलं. बीपी खाली गेलेलं, उलट्या थांबेनात, रक्तातलं सोडियम घसरलेलं, माणूस ओळखत नव्हती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कसल्या पुड्या घेत होत्या का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग सून हळूच म्हणाली, "बाजारच्या दिवशी जडीबुटीवाला बसतो, त्याची. गुडघ्यासाठी. दीड वर्ष झालं. पण तो दोन बाजार आलाच नाही, पुड्या संपल्या."

डॉक्टरांना तिथंच कळलं. पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असणार. रक्त तपासलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच. बाहेरून महिनोन् महिने स्टेरॉईड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काम सोडून देतात. मग पुडी एकदम बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. वर्षभर मावशीचा चेहरा गोल झाला होता, आम्ही म्हणायचो तब्येत सुधारली! साखर वाढली, त्याला वय झालं म्हणालो. आणि गुडघा? तो खरंच थांबला होता. 'गुण येतो' म्हणून तर गल्लीतल्या चार बायका त्याच माणसाकडे जायला लागल्या होत्या.

पुडीचा कागद मिळाला. वहीचं पान. नाव नाही, परवाना नंबर नाही, बॅच नाही. तक्रार कुणाविरुद्ध करायची?

लगेच कुणी आयुर्वेदाच्या विरोधात म्हणून अंगावर येऊ नका. शिकलेला वैद्य बिब्बा, बचनाग शुद्ध करून, मोजून देतो. विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापायला कायदाच सांगतो. म्हणजे जपून घ्यायचं हे शास्त्रालाही मान्य आहे. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे फक्त विकणारा म्हणतो. कण्हेरही झाडच आहे की. आणि डबी, लेबल असलं म्हणजे निर्धास्त असंही नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आता आमच्या धंद्याचं बोलतो. मधुमेह, संधिवात, लकवा, कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा. त्यात जाहिरात देणाराच नाही, ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. तरी 'शुगर मुळापासून बरी, गुण न आल्यास पैसे परत' ही चौकट मी स्वतः पानावर लावलेली आहे. दिवाळी अंकाला जाहिरात लागते, पगार तिच्यातून निघतो, म्हणून गप्प बसलो. पत्रकारितेच्या डिप्लोमात हा कायदा शिकवला होता, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती.

जडीबुटीवाल्याला पकडा म्हणणं सोपं आहे. तो आज इथं, उद्या तिसऱ्या गावाला. पण जाहिरातवाल्याचा मोबाईल नंबर तर आपणच ठळक अक्षरात छापतो. अन्न व औषध प्रशासनाला पत्ता शोधायला लांब जायला नको.

तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर वाचून घाबरून एकदम बंद करू नका, मावशीचं तेच झालं. पुडी तशीच उचला आणि डॉक्टरकडे घेऊन जा. ओरडतील, ओरडू द्या.

मावशी आता घरी आहे. गोळ्या हळूहळू कमी करतायत. परवा भेटायला गेलो तर गुडघ्याला तेल लावत बसली होती. म्हणाली, "दुखायचं थांबलं होतं रे पण." तिला काय सांगावं सुचलं नाही. चहा घेतला आणि निघालो.