ताटातील भाताची जागा

अन्न हा विषय असा आहे की, त्यावर लिहू लागताच प्रत्येक वाचक परीक्षक होतो. कारण जो जेवतो त्यास जेवणाविषयी मत असतेच. तरीही आम्ही यंदा ह्या विषयास हात घालीत आहो, ह्याचे कारण उघड आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी-आजोबांस, पुष्कळ ठिकाणी आईबापांसही, वैद्यांनी भात व पोळी कमी करण्यास सांगितले आहे. आणि ‘भात सोडला, आता त्याच्या जागी काय खावे?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जात आहे. त्यास मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरुद्ध आहेत की, त्यांचा विचार शांतपणे करणे अवश्य झाले आहे.

प्रथम रोगाची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी माणसांस मधुमेह असून आणखी सुमारे १३.६ कोटी माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीच्या आधारे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका निबंधात असे दाखविले आहे की, भारतीय माणसास अन्नातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ६२ टक्के उष्णता पिष्टमय व शर्करामय द्रव्यांपासून, म्हणजे कर्बोदकांपासून मिळते. भात, पोळी, पाव, पोहे, साबूदाणा, नूडल्स, पास्ता ही सर्व त्याच कुळातील मंडळी होत. पोटात गेल्यावर त्यांची साखर बनते. शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगी ती कामास येते. परंतु दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याने तितकाच भात खाल्ला, तर ती साखर खर्चावयाची कोठे?

पिष्ट कमी करण्याची कल्पना आजची नव्हे. १८६३ साली लंडन येथे विल्यम बँटिंग नावाच्या स्थूल गृहस्थांनी पाव, बटाटे, साखर व बीअर सोडून आपले वजन कसे उतरविले, ह्याचा वृत्तान्त छापून काढला होता, आणि त्याची त्या काळी फार चर्चा झाली. पुढे १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत आहाराचे नियंत्रण हाच मधुमेहावरील मुख्य उपाय होता. सबब ह्या गोष्टीस केवळ नवी टूम म्हणून हसणे योग्य नाही. हसण्याजोगे काही असेल तर ते तिच्या नावाने चाललेल्या बाजारात आहे.

आता भाताचे व नूडल्सचे जे प्रतिनिधी पुढे केले जातात, त्यांची ओळख करून घेऊ. पहिला मान फ्लॉवरचा. फ्लॉवर किसून तव्यावर पाच-सात मिनिटे कोरडा परतला की भाताच्या शितांसारखा दिसतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तितक्याच फ्लॉवरमध्ये अवघी ५ ग्रॅम. दुसरी झुकिनी; ही काकडीसारखी दिसणारी भाजी लांब किसून नूडल्सच्या जागी वाढतात, आणि तीत कर्बोदके शंभर ग्रॅमांत सुमारे ३ ग्रॅमच असतात. तिसरी जपानातील शिराताकी. ही पांढरी, पारदर्शक शेवई कोन्याकु नावाच्या कंदापासून करतात. तो कंद आपल्या सुरणाच्याच कुळातील आहे. कंदाच्या पिठात पाणी घालून चुन्याच्या निवळीने ते घट्ट करतात. ह्या शेवईत बहुतेक भाग पाण्याचा, व उरलेला मुख्यतः न पचणाऱ्या तंतूंचा. म्हणून ती पोट भरते, पण साखर वाढवीत नाही. येथे वाचकांनी घाईने असा तर्क करू नये की, आपला सुरणही तसाच असेल. कूळ एक असले तरी गुण एक नव्हे. सुरणात पिष्ट पुष्कळ असते.

ह्या तिन्ही वस्तूंविषयी आमची तक्रार नाही. ज्यास भाताची आठवण सोडवत नाही, त्याने फ्लॉवरचा कीस खुशाल खावा. झुकिनी महाग वाटली तर आपला कोबी लांब व बारीक चिरून वाफवावा, अथवा दुधीचा लांब कीस काढावा. त्यांनी काम तेच होते. मात्र एक गोष्ट विसरू नये. फ्लॉवर ही भाजी आहे. ती भाताच्या जागी आली तरी तिने भाताइतके पोट धरत नाही. तिच्यासोबत डाळ, उसळ, अंडे, मासा, पनीर ह्यांपैकी काही पुरेसे नसेल, तर दोन तासांनी भूक लागते, आणि मग हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. अशा रीतीने दुपारी वाचविलेले पिष्ट सायंकाळी व्याजासह परत येते.

दुसरा पक्ष म्हणतो, परदेशी भाज्या कशास हव्यात? आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई ही भरड धान्ये आहेतच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हापासून हा पक्ष विशेष जोरात आहे. भाकरीविषयी आम्हांस प्रेम आहे व आदरही आहे. भरड धान्यांत तंतू अधिक, नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, विपुल, आणि ज्वारी-बाजरी थोड्या पाण्यावर येणारी. हे सर्व खरे. परंतु त्यांत कर्बोदके थोडी असतात, ही समजूत मात्र चुकीची आहे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात कर्बोदके सुमारे ७८ ग्रॅम असतात, तर ज्वारीत व नाचणीत सुमारे ६७ आणि बाजरीत सुमारे ६२. हिशेब करून पाहा. साठ ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत सुमारे ८० ग्रॅम कर्बोदके झाली. दीडशे ग्रॅमची एक, अशा दोन वाट्या भातात सुमारे ८४ ग्रॅम. चार ग्रॅमांच्या लाभासाठी आपण पथ्य पाळल्याचे समाधान मानीत असलो, तर ते ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ असेच म्हणावे लागेल. वर उल्लेखिलेल्या २०२५ सालच्या निबंधाचा निष्कर्षही हाच आहे: एकंदर कर्बोदके कमी न करता तांदळाच्या जागी नुसती गव्हाची कणीक किंवा भरड धान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा संभव कमी झालेला दिसत नाही, कर्बोदकांचा काही वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यांतील वा दुधातील प्रथिने घेतली, तेथे तो कमी दिसतो.

भरड धान्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी तर विशेष सावध राहावे. वेष्टनावर नाचणीचे कणीस मोठे छापलेले असते. मागील बाजूस बारीक अक्षरांत पहिला घटक मैदा असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा नियम आहे. तेव्हा जे नाव पहिले ते आत सर्वांत अधिक, हे ओळखण्यास आठवीचे गणितही लागत नाही. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा वस्तूंकरिताच झाली असावी. घरात पुडा आला म्हणजे मागची बाजू मोठ्याने वाचून दाखवावी, एवढे काम आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घेतले तरी घरच्या मंडळींवर मोठा उपकार होईल.

मग करावे काय? आमच्या मते प्रश्न विचारण्यातच थोडी गफलत होत आहे. ‘भाताऐवजी काय?’ असे विचारले की आपण भाताएवढ्याच ढिगाची दुसरी वस्तू शोधू लागतो. त्याऐवजी ‘भात किती?’ असे विचारावे, आणि रिकाम्या झालेल्या जागी डाळ व भाजी वाढावी. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात धान्यांपासून मिळणारी उष्णता एकंदरीच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी असे सांगितले आहे. ताटाच्या भाषेत ह्याचा अर्थ असा की, निम्मे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासा, आणि पाव ताट भात अथवा भाकरी. जेवताना आधी भाजी व उसळ, मग भात, हा क्रम ठेविला तर जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते, असेही प्रयोगांत आढळले आहे.

आणि ज्यांस पास्ता व नूडल्ससारखेच काही हवे आहे, त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरात डोकवावे. कुळथाच्या पिठाचे शेंगोळे, तिखट रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या पाटवड्या, मुगाचे धिरडे, कुळथाचे पिठले, मोड आलेल्या मटकीची उसळ, हे पदार्थ आपल्या आज्यांनी कोणत्याही पथ्याचे नाव न घेता केले. डाळी-कडधान्यांतही कर्बोदके असतात, हे आम्ही लपवीत नाही; परंतु त्यांत सुमारे पंचमांश किंवा अधिक भाग प्रथिनांचा, तंतूही भरपूर, आणि त्यांतील पिष्ट सावकाश पचते. परदेशांत डाळींच्या पिठाचा पास्ता आता मोठ्या किमतीस विकला जातो. त्याचा चुलतभाऊ असलेला शेंगोळा मात्र आपल्याकडे गरिबांचे अन्न म्हणून मागे पडला, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

ह्यावर दोन आक्षेप येतील, व ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. डाळ व भाजी मात्र पदरच्या पैशाने घ्यावी लागते. ज्या घरात भाताने पोट भरते, त्यास ‘भात कमी करा’ असे सांगणे सोपे आहे, ऐकणे कठीण. म्हणून आम्ही झुकिनी व शिराताकी ह्यांचा आग्रह धरीत नाही. हुलगे, मटकी, हंगामी पालेभाजी, अंडे ह्यांचा धरतो. दुसरा आक्षेप श्रमाचा. आजोबांचा फ्लॉवर वेगळा, मुलांचा भात वेगळा, वडिलांची भाकरी वेगळी, असे तीन स्वयंपाक एका मातेच्या माथी मारून कुटुंबाचे आरोग्य सुधारावयाचे असेल, तर त्या आरोग्याची किंमत एकटीनेच भरली असे होईल. स्वयंपाक एकच असावा, वाढण्याचे माप निराळे असावे. आणि किसणे, निवडणे, मोड आणण्यास कडधान्य भिजविणे ही कामे मुलगे व मुली दोघांनीही करावीत.

शेवटी दोन इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. वाढत्या वयाची, मैदानावर खेळणारी मुले ही मधुमेही आजोबा नव्हेत. आरशात पाहून, मित्राचे ऐकून भात-पोळी एकाएकी बंद करणाऱ्या मुलामुलींची आम्हांस काळजी वाटते. त्यांनी सोडावयाचे ते शीतपेय, बिस्किटे व मधल्या सुट्टीतील नूडल्सचा पुडा. आईने वाढलेला वरणभात नव्हे. तसेच जे रुग्ण इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून कर्बोदके एकदम कमी करू नयेत. औषध तेच व अन्न निम्मे असे झाल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाते.

भात हा आपला शत्रू नव्हे. कोकणातील व मावळातील कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. पण त्यांनी तो भात चिखलात उभे राहून लावला होता, आणि दिवसभर कष्टून जिरविला होता. कष्ट गेले, माप मात्र तेच राहिले, ही आजची खरी अडचण आहे. तेव्हा पालकांनी ताटातील भाताचा ढीग लहान करावा, उसळीची वाटी मोठी करावी, आणि जेवण झाल्यावर मुलांसह थोडे चालावयास निघावे. ह्यास नवा पदार्थ लागत नाही, दुकान लागत नाही. घरातील सर्वांचे एकमत तेवढे लागते.