अनाथ बालक मोठें केव्हां होतें?

विद्यार्थिमित्रहो, व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील इंग्रजी कादंबऱ्यांत अनाथ मुलें पदोपदीं भेटतात. डिकन्सचे ऑलिव्हर व पिप, शार्लट ब्राँटेची जेन एअर, हीं सारीं पोरकीं. त्यांची हकीकत वाचतांना आपले डोळे पाणावतात, आणि अखेरीस त्यांपैकीं कोणास वारसा मिळाला कीं आपण समाधानानें पुस्तक मिटतों. आमच्या अल्प मतें हें वाचन अपुरें आहे. पोरकें मूल मोठें होतें तें वारसा मिळाल्यानें नव्हे, तर दुसऱ्याचा भार आपण होऊन उचलल्यानें.

'जेन एअर' १८४७ सालीं प्रसिद्ध झाली. जेनला चुलत्याचे २०,००० पौंड मिळतात. पण ती तीन आतेभावंडांसह त्यांचे चार सारखे वांटे करते. पिपची गोष्ट याहून कठीण आहे. अनायासें आलेल्या पैशानें तो लंडनचा सभ्य गृहस्थ बनतो, आणि ज्या लोहार मेहुण्यानें त्याला मायेनें वाढविलें त्याचीच त्याला लाज वाटूं लागते. पुढें कळतें कीं, तो पैसा एका हद्दपार कैद्याच्या कष्टाचा होता! पैसा जातो, परंतु त्या मरणोन्मुख कैद्याचा हात हातीं घेऊन बसलेला पिप तेव्हां खरा मोठा होतो.

ही केवळ कादंबरीकारांची कल्पना नव्हे. पंडिता रमाबाईंचे आईबाप दुष्काळांत गेले, तेव्हां त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. आईनें शिकविलेली संस्कृत विद्या हाच त्यांचा वारसा. त्या विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांचा मोठा गौरव झाला. पण त्या तेवढ्यानें तृप्त झाल्या नाहींत. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत, आपला नागपूर जिल्हा ज्यांत होता त्या मध्यप्रांतांत येऊन, त्यांनीं उपाशी मुलींना केडगांवीं आश्रयास नेलें.

पालकहो, आपल्या खापरखेड्यांतील एखाद्या वर्गांतही असें मूल असेल. त्यास 'बिचारा' म्हणून बाजूस बसवूं नका. जेवूं घाला, पुस्तकें द्या. पण त्याजवर एखादी जबाबदारीही सोंपवा. नुसत्या दयेनें मूल जगेल; विश्वासानें तें मोठें होईल.