भूमीची वाट आणि माणसाचे पाऊल

बोदवड हे जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील गाव. सभोवार काळीभोर जमीन, तीत कपाशीची आणि ज्वारीची शेते. गावाजवळून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की थोड्याच वेळात मलकापूर येते आणि प्रवासी खानदेशातून वऱ्हाडात शिरतो. पण केव्हा शिरला, हे त्याला खिडकीतून कळत नाही. मध्ये ना डोंगर आडवा येतो, ना मोठी नदी. इकडे जशी काळी माती, तशीच तिकडे. इकडे जशी कपाशी, तशीच तिकडेही.

हा प्रदेश असा का, हे समजण्यासाठी नकाशा समोर घ्या. दक्षिणेकडील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेकडे धावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेस सातपुडा आहे आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर. बोदवडच्या उत्तरेस चांगदेव येथे वऱ्हाडातून आलेली पूर्णा तिला मिळते. अशा रीतीने येथे अनेक वाटा एकत्र येतात. पूर्णेच्या काठाने वर गेले की वऱ्हाड लागते. तापीच्या काठाने वर गेले, म्हणजे बऱ्हाणपूर आणि सातपुड्यातील खिंडीतून उत्तर हिंदुस्थान. दक्षिणेस अजिंठ्याचा घाट उतरणीला आणि चढणीला वाट देतो. पश्चिमेस नदीच्या सोबतीने चालत राहिले, की सह्याद्रीचा अवघड कडा न ओलांडता सुरतेचे बंदर गाठता येते.

भूमीने दाखविलेल्या या वाटांनी आपल्या प्रांताचा इतिहास घडविला. अजिंठ्याच्या लेण्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास झाला. ती रानात दडलेली दिसतात. परंतु दक्षिणोत्तर व्यापारी मार्ग तेथून दूर नव्हता. पुढे फारुकी सुलतानांनी खानदेशात राज्य केले आणि बऱ्हाणपूर ही आपली राजधानी केली. त्या शहराजवळ असीरगड किल्ला आहे. ज्याच्या हाती असीरगड, त्याच्या हाती दक्षिणेचे दार, अशी त्याची ख्याती होती. म्हणूनच अकबराने मोठा वेढा घालून १६०१ मध्ये तो घेतला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेस उतरला आणि मोगल दरबाराकडे जाताना बऱ्हाणपुरास आला. बऱ्हाणपूरचे तलम कापड याच वाटेने सुरतेस जाई आणि तेथून परदेशी जहाजांत चढे. सुरत इतकी संपन्न झाली, की शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये तिच्यावर स्वारी केली.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, "मग देशाचे नशीब डोंगर आणि समुद्रच ठरवितात. माणसाच्या हाती काय आहे?" हे मत अनेकांना पटते. मला मात्र ते अपुरे वाटते.

तापी आजही सुरतेकडेच वाहते. तरीही एकोणिसाव्या शतकात खानदेशाच्या कापसाने आपली दिशा बदलली. मुंबईचे बंदर खोल आणि आडोशाचे होते. परंतु मुंबई आणि खानदेश यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणाऱ्या थळ घाटात हजारो मजुरांनी बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल बांधले, आणि १८६५ मध्ये आगगाडी घाट चढू लागली. भुसावळ, बोदवड, मलकापूर असा जाणारा फाटा १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. बैलांच्या तांड्यांना जी वाट तुडविण्यास आठवडे लागत, ती गाडी एकदोन दिवसांत काटू लागली. डोंगर तोच, नदी तीच. बदलला तो माणसाचा निश्चय.

जपानचेही उदाहरण असेच आहे. त्या देशाच्या चारी बाजूंस समुद्र आहे. दोनशेहून अधिक वर्षे तेथील राज्यकर्त्यांनी त्या समुद्राची भिंत केली आणि परदेशी जहाजांना जवळजवळ पूर्ण बंदी घातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच समुद्राचा त्यांनी राजमार्ग केला. पाणी बदलले नव्हते.

परंतु येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. नवी वाट उघडली, म्हणजे तिने लक्ष्मीच घरी येते असे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले आणि अनेकांना मोठा फटका बसला. ज्या गाडीने कापूस बाहेर गेला, तिनेच गिरणीचे स्वस्त कापड आत आले. हातमागावर बसणाऱ्या विणकरांचा धंदा त्यामुळे खालावला. वाट एकच होती. पण तिचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हे डोंगराने ठरविले नव्हते. ते सत्ता आणि व्यापार ज्यांच्या हाती होता, त्यांनी ठरविले.

सीमांचेही तसेच आहे. डोंगर आणि समुद्र निसर्गाने घडविले. सीमा मात्र माणसे आखतात. बोदवड आणि मलकापूर यांमधील न दिसणारी रेषा एके काळी मोठी होती. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होते. ते इंग्रजांकडे आल्यावरही त्याचा कारभार मुंबई इलाख्याहून वेगळाच राहिला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि ती रेषा केवळ दोन जिल्ह्यांमधली उरली. उलट, जे बऱ्हाणपूर शतकानुशतके खानदेशाचे मुख्य नगर होते, ते आज मध्य प्रदेशात आहे. तरी तापीचे पाणी तेथूनच आपल्याकडे येते. लोकांच्या सोयरिकी आणि बाजार राज्याची हद्द पाहून थांबत नाहीत.

म्हणून माझे मत असे आहे, की भूमी वाट दाखविते. पण त्या वाटेने जावे की नाही, कोणासाठी जावे आणि परतताना काय आणावे, हे माणसांनीच ठरवायचे असते. आपला प्रदेश मागे असेल, तर त्याचा सारा दोष डोंगराला देऊ नये. तो पुढे असेल, तर सारे श्रेय नदीला देऊन स्वस्थ बसू नये. यापुढे नकाशा उघडाल, तेव्हा गावांची व नद्यांची नावे पाठ करून थांबू नका. प्रत्येक वाटेला विचारा : येथून काय गेले, काय आले, आणि कोणाच्या घरी चूल पेटली? भूगोलाच्या पुस्तकातून इतिहास बोलू लागेल.