स्थूलतेची शस्त्रक्रिया आणि मनाची सिद्धता

दुखणे मोठे निघाले की देगलूरचा माणूस दोनपैकी एक वाट धरतो : नांदेडची किंवा हैदराबादची. सीमेवरच्या या गावाची सोयरीक, व्यापार आणि औषधोपचार हे तिन्ही पूर्वापार पलीकडच्या मुलखात पसरलेले आहेत. १९४८ साली निजामाची सत्ता गेली, १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली. हैदराबादच्या दवाखान्यांवरचा विश्वास मात्र टिकून राहिला. याच वाटेने आता लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची चौकशी करणारा रुग्णही निघू शकतो. महानगरांतील रुग्णालयांच्या जाहिराती त्याच्या हातातल्या मोबाईलवर येतात. त्यांत शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी असतात. या दोन छायाचित्रांच्या मध्ये काय काय घडते, हे मात्र जाहिरातीत नसते.

या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढणे. उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. भुकेची जाणीव जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होत असल्याने प्रारंभीचे काही महिने भूकही मंदावते. दुसऱ्या प्रकारात अन्नाचा मार्गच वळवून लहान आतड्याचा काही भाग वगळला जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी ही पद्धत १९६६ साली प्रथम वापरली. कापलेले जठर परत जोडता येत नाही. दात काढल्यासारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की कृत्रिम दात मिळतात.

ही शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून तिची वासलात लावणाऱ्यांशीही सहमत होता येत नाही. २०११ साली भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी ती करवून घेतली, तेव्हा महाराष्ट्रातील सामान्य वाचकाला तिची प्रथम ओळख झाली. आणि ते मधुमेही होते, हेही त्या वेळी सर्वांना समजले. स्वीडनमधील हजारो रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचे वजन नव्वद किलो असून त्याला मधुमेह जडला असेल, तर तो या उपचाराचा विचार करू लागला म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही.

तथापि त्याच वर्षी अमेरिकेतील युटा राज्यातील आणखी एक पाहणी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांत एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, मधुमेहाने होणारे मृत्यू तर ९२ टक्क्यांनी कमी. परंतु अपघात, आत्महत्या अशा रोगेतर कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी अधिक. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेण्यात आला, तेव्हाही स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत सुमारे दीडपट झाल्याचे दिसले. अशा घटनांची संख्या मुळात थोडी असते, हे खरे. हजारात काही थोड्यांची ही गोष्ट आहे. पण ज्या घरात ती घडते त्या घराला हजारातल्या इतरांशी काही देणेघेणे नसते.

याचे कारण शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. अनेक माणसे भूक नसतानाही खातात. एकटेपणात खातात, अपमान गिळण्यासाठी खातात, रात्री सारे निजल्यावर डब्यातले उरलेले खातात. त्या माणसाचे सांत्वनाचे एकमेव साधन शल्यविशारद एका दुपारी काढून घेतो. ज्या दुःखासाठी ते साधन होते ते दुःख जागच्या जागी राहते. मग मन दुसरे साधन शोधते. जठराचा मार्ग वळवल्यानंतर मद्य रक्तात वेगाने भिनते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले आहे.

म्हणूनच १९९१ सालापासून, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेनंतर, रुग्णाची मानसिक तपासणी हा या उपचाराचा भाग मानला गेला. व्यवहारात तिचे काय होऊ शकते, हे आपल्याकडील दाखल्यांच्या संस्कृतीशी परिचित असलेल्या कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत वीस मिनिटे, एक प्रश्नावली, खाली सही आणि शिक्का. रुग्णही परीक्षार्थ्याप्रमाणे पाठ केलेली उत्तरे देऊन उत्तीर्ण होऊ पाहतो. ‘उदास वाटते’ असे म्हटले तर नापास करतील, ही त्याची भीती. वस्तुतः ती भीती अनाठायी असावयास हवी. २०१६ साली अनेक पाहण्यांचे एकत्रित परीक्षण झाले. त्यात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार असल्याचे आढळले. मात्र या विकारांमुळे नंतर वजन कमी उतरते, असा सुसंगत पुरावा मिळाला नाही. म्हणजे उदास माणसाला दारातून परत पाठविणे हे तपासणीचे प्रयोजनच नव्हे. त्याला नंतर कोणाचा आधार लागेल, हे आधी ठरविणे हे तिचे प्रयोजन आहे. ते साधावयाचे तर एका भेटीत काय होणार?

आणि या भेटींत पहिला प्रश्न वजनाचा नसावा. ही इच्छा कोणाची, हा असावा. स्थूल मुलीचे लग्न जमत नाही म्हणून आईबापांनी कर्ज काढून तिला शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपविणे, ही कल्पना आज कोणाला अतिशयोक्त वाटू नये. हुंड्यासाठी शेत विकणाऱ्या समाजात हा खर्चही लग्नखर्चाच्या यादीत सहज जाऊन बसेल. मुलगी ‘हो’ म्हणते. पण ज्या घरात ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, तेथील ‘हो’ला संमती म्हणता येईल काय? या प्रश्नाची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे, कारण वजन झपाट्याने उतरत असता गर्भाला पोषण मिळण्याची शाश्वती नसते. याच काळात वजन घटल्याने पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता उलट वाढते, आणि अन्नमार्ग वळविला असेल तर संततिनियमनाच्या गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. लग्न जमावे म्हणून केलेली शस्त्रक्रिया, लग्नानंतर वर्षाच्या आत पाळणा हलावा ही सासरची अपेक्षा, आणि शस्त्रक्रियेची गोष्ट सासरी सांगावयाची नाही हा माहेरचा निश्चय : या तिन्हींच्या कात्रीत सापडणारी ती एकटीच असते. तिला हे सारे आधी, एकांतात, आईबापांना खोलीबाहेर बसवून सांगणारे कोणी हवे.

घराची सिद्धता हा विषय तर तपासणीच्या कागदावर येतच नाही. चार घासांत पोट भरणारा माणूस मराठवाड्याच्या पंगतीत बसला की काय होते, ते ज्याचे त्याने आठवावे. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा व्याकरणशुद्ध प्रकार आहे. पुरणपोळीवरची तुपाची धार नाकारणारा माणूस तूप नव्हे, वाढणारीचे मन नाकारतो. अन्नमार्ग वळविलेल्या रुग्णाने आग्रहाला बळी पडून जिलेबी खाल्ली तर घाम, धडधड आणि चक्कर येऊन त्याला पंगतीतून उठावे लागते. घासागणिक पाणी पिण्याची सवय त्याला सोडावी लागते. शाकाहारी घरात प्रथिनांचा प्रश्न अवघड होतो. लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व ही जन्मभराची सोबत ठरते. गुंडामहाराजांच्या आणि धुंडामहाराज देगलूरकरांच्या वारकरी परंपरेचा वारसा सांगणाऱ्या या गावात एकादशी सहजी सुटत नाही. पण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, आणि निर्जळी उपवास तर या रुग्णाला धोक्याचाच. गावातील रोजेदारांनाही, निदान पहिल्या वर्षी, डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल टाकता येणार नाही. श्रद्धेला मुरड घालण्याची ही तयारी कोणत्या प्रश्नावलीत मोजली जाते?

शरीराची कुचेष्टा हाही या मानसिकतेचाच एक धागा. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र उपहासाने समाजमाध्यमावर टाकले. तो अधिकारी मध्य प्रदेशातला निघाला. आपला लठ्ठपणा आजारातून आला, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या अधिकाऱ्याच्या बाबतीत शेवट बरा झाला म्हणून उपहास हे औषध ठरत नाही. शाळेच्या वर्गात, तहसीलच्या कचेरीत, एसटीच्या बाकावर ‘सरका जरा’ म्हणताना जे हसू फुटते, त्यापासून पळण्यासाठी कोणी शस्त्रक्रियेकडे धावत असेल, तर वजन उतरल्यावरही ते हसू त्याच्या कानात राहण्याचा संभव आहे. सैल पडलेल्या कातडीकडे पाहून लोक पुन्हा विचारतातच : काय हो, आजारी होतात का?

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आखून दिलेल्या अटींनुसार शरीरभारांक ४० असल्यास, अथवा ३५ असून सोबत गंभीर व्याधी असल्यास, या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळू शकतो. मनाच्या सिद्धतेसाठीच्या भेटींचे आणि नंतरच्या वर्षांतील समुपदेशनाचे शुल्क शस्त्रक्रियेच्या बिलातच धरले जावे, अशी मागणी रुग्णांनीच केली पाहिजे. मोठे रुग्णालय दोनशे किलोमीटरवर असले तरी सारे काही तेथेच व्हावे असे नाही. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग जवळ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. वर्षाकाठी करावयाच्या रक्ततपासण्या गावच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होऊ शकतात. मात्र त्यांना शस्त्रक्रियेची कागदपत्रे दाखविली पाहिजेत. ती कपाटात लपवून ठेवणारा रुग्ण तिसऱ्या वर्षी हातापायांना मुंग्या येतात म्हणून त्यांच्यासमोर बसेल, तेव्हा ब-१२ची कमतरता त्यांनी कशावरून ओळखावी?