भवितव्य कळले, पुढे काय?

रक्ताच्या एका थेंबातून हृदयरोग्याचे भवितव्य कळणार, अशा आशयाची बातमी विज्ञानवृत्तांत वारंवार झळकते. तिच्यातील विज्ञान बहुधा खरेच असते. घातक असतो तो तिच्या आडून पसरणारा समज, की भवितव्य कळले म्हणजे ते टळले.

हृदयाच्या भिंतींवर ताण वाढला की स्नायुपेशींतून बीएनपी हे संप्रेरक आणि त्याचा जोडतुकडा एनटी-प्रोबीएनपी अधिक प्रमाणात स्रवतो. पेशींना इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपीची पातळी जितकी चढी, तितका मृत्यूचा आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचा धोका मोठा, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. इथवर वाद नाही.

वाद आहे तो हा आकडा कोणापुढे ठेवला जातो याविषयी. चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील पेरुंगुडीत तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि खासगी रुग्णालये एकाच पट्ट्यात नांदतात. पुण्याच्या हिंजवडीचे चित्र फारसे वेगळे नाही. अशा ठिकाणी धडधाकट तरुणांनाही हृदयतपासणीचे पॅकेज घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यामागचे गणित क्वचितच सांगितले जाते. समजा, एखादी चाचणी १०० आजाऱ्यांपैकी ९० जणांना अचूक ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी ९० जणांना निर्दोष ठरवते. एक हजार कर्मचाऱ्यांत खरे आजारी १० असतील, तर ९ सापडतील; पण ९९ निरोगी माणसांवरही आजाराचा शिक्का बसेल. हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात हजारांतील ५०० खरोखर आजारी असतील, तर तीच चाचणी ४५० जणांना योग्य ओळखेल आणि ५० जणांनाच चुकीचे आजारी ठरवेल. चाचणी तीच, माणसे बदलली की तिच्या उत्तराचे मोल बदलते.

शिवाय आकडा एकटा बोलत नाही. वय वाढले, मूत्रपिंड अशक्त झाले किंवा हृदयाची लय बिघडली, की एनटी-प्रोबीएनपी वाढते. लठ्ठ व्यक्तीत ते अपेक्षेपेक्षा कमी भरते. म्हणून परदेशी रुग्णांवरून बेतलेली धोक्याची गणिते इथे जशीच्या तशी लावणे धाडसाचे आहे. त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ मध्ये नोंदलेल्या १२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य नोंदींपेक्षा सुमारे दशकभर कमी. पाच वर्षांत त्यांतील ५९ टक्के दगावले. ज्यांना मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधे मिळाली नाहीत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. ती औषधे तेव्हाही ठाऊक होती. ती रुग्णापर्यंत पोहोचवण्यासाठी नव्या जैवसूचकाच्या शोधाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

दोन चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवले, तर मुद्दा उघड होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाइड-आयटीत ८९४ रुग्णांपैकी एका गटाचे उपचार एनटी-प्रोबीएनपीची पातळी खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून झाले, दुसऱ्याचे नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही गटांत सुमारे ३७ टक्के रुग्णांना मृत्यू किंवा पुनर्दाखल्याला सामोरे जावे लागले. लाभ दिसेना, म्हणून चाचणी मध्येच थांबवली गेली. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफमध्ये घरी गेलेल्या रुग्णांना पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार बोलावून, तपासून औषधांची मात्रा झपाट्याने पूर्ण केली गेली. तिथेही रक्ततपासणी होती, पण डॉक्टरच्या हाताखाली. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुनर्दाखल्याचे प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आले.

जैवसूचकांच्या संशोधनाला विरोध करण्याचे कारण नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आयसीएमआरच्या साहाय्याने हार्ट फेल्युअरची राष्ट्रीय बायोबँक उभी राहिली, हे स्वागतार्हच आहे. भारतीय रुग्णांसाठीचे धोक्याचे मोजमाप भारतीय नमुन्यांतूनच घडेल. पण पेरुंगुडीतील असो वा गडचिरोलीतील, रुग्णाच्या हाती धोक्याचा आकडा ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्याच कागदावर पुढच्या भेटीची तारीख आणि परवडणाऱ्या औषधांची हमीही दिली पाहिजे. ती नसेल, तर तो अहवाल म्हणजे छापील भाकीत. आणि भाकिते विकणारे या देशात आधीच पुष्कळ आहेत.