शिंगं, शेपूट आणि कडक मंगळ

रविवारी, तेही मेगाब्लॉकच्या दिवशी, डोंबिवलीचा माणूस ठाण्याला जातो ते दोनच कारणांसाठी. कुणाचं तरी लग्न, नाहीतर कुणाचा तरी साखरपुडा. माझं कारण तिसरंच होतं. मला एल्फ व्हायचं होतं.

सांगते, सांगते! घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये दर पंधरा दिवसांनी पाच टाळकी जमतात. एक बँकेतला, दोघं आयटीतले, एक डेंटिस्ट आणि एक कल्याणचा सीए. हा सीए आठवडाभर लोकांची रिटर्न्स भरतो आणि रविवारी त्याच लोकांना ड्रॅगनच्या तोंडी देतो. तो आमचा डंजन मास्टर, शॉर्टमध्ये डीएम. सहावी मी. फ्रीलान्स जर्नलिस्ट, म्हणजे आईच्या भाषेत 'सध्या घरूनच काहीतरी करते'.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो आणला. बोर्ड नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि जिंकणं-हरणं तर नाहीच. डीएम गोष्ट सांगतो, तुम्ही त्यातलं एक पात्र होता, 'मी दार ढकलते' असं नुसतं तोंडाने म्हणता, आणि दार उघडलं की डोक्यावर पडलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात काय, तर भातुकली. फक्त हिला जाडजूड रूलबुक आहे आणि खेळणाऱ्यांना होम लोन.

पहिल्या दिवशी पात्र बनवायचं असतं. आधी 'स्पीशीज' निवडा, म्हणजे तुम्ही कुठल्या कुळातले ते. २०२४च्या प्लेयर्स हँडबुकात अशी दहा कुळं आहेत. माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, नोम, ऑर्क, ड्रॅगनबॉर्न, गोलायथ, देवदूतांच्या वंशातले आसिमार आणि सैतानाच्या वंशातले टीफलिंग. मी एल्फवर बोट ठेवणार, एवढ्यात त्या शेवटच्या चित्रावर नजर अडकली. डोक्यावर शिंगं, मागे शेपूट, आणि चेहऱ्यावर 'काय बघताय?' असा भाव. हा भाव मी ओळखते, बॉस. कांदेपोह्याचा ट्रे हातात असताना माझाही असाच असतो.

टीफलिंग म्हणजे काय, तर ज्यांच्या कुठल्यातरी खापरपणजोबाने सैतानाशी करार केला किंवा थेट सोयरीकच केली, आणि त्याची खूण आजही पोराबाळांच्या अंगावर उमटते असे लोक. स्वतः त्यांनी काही केलेलं नसतं. चांगले असतात, वाईट असतात, बरेचसे तुमच्या-माझ्यासारखे अधेमधे असतात. पण शिंगं दिसली की गाव दार लावून घेतं.

यांची एंट्रीही गमतीदार आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत हा खेळ सैतानी आहे, पोरं बिघडवतो, अशी जोरदार बोंब उठली होती. कंपनी इतकी धास्तावली, की १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच हद्दपार झाले. राक्षस परत आले ते नावं बदलून! आणि १९९४मध्ये 'प्लेनस्केप' नावाच्या संचातून सैतानाचा वंशज हा चक्क खेळाडूने निवडायचा पर्याय म्हणून आला. तेव्हा प्रत्येकाची खूण वेगळी असायची, कुणाला शेपूट तर कुणाला नुसता गंधकाचा वास. २००८च्या चौथ्या आवृत्तीत टीफलिंग मुख्य हँडबुकात पोचले आणि सगळ्यांनाच दणदणीत शिंगं मिळाली. मग २०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडीओ गेममधली कार्लाक आली, आणि त्याच वर्षी 'ऑनर अमंग थीव्ह्ज' या सिनेमातली डॉरिक. दोघीही टीफलिंग. पूर्वी ज्यांना घाबरायचे, त्यांच्यावर आता लोक फिदा आहेत.

"घेऊ नकोस हां," डेंटिस्ट म्हणाली. "प्रत्येक गावात तुझ्यामुळे राडा होणार."

"घे घे," बँकवाला म्हणाला. "आगीचा डॅमेज अर्धाच लागतो."

डीएमने फक्त एक प्रश्न विचारला. "तू वेगळी आहेस हे तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

बाकीच्यांना म्हणे या प्रश्नावर आठवडा लागतो. मला दोन सेकंदही लागले नाहीत. "नववीत. मावशीच्या घरी. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि मी खोलीत गेल्यावर गप्प झाले."

टेबलावर शांतता. मग आयटीतला एक हळूच म्हणाला, "हे कॅरेक्टरचं, की...?"

तर मंडळी, मला मंगळ आहे. साधासुधा नाही, कडक. जन्मापासून आहे, मी काही केलेलं नाही, आणि आधुनिक, शिकलेल्या, 'आमचं काही नाही हो, पण मुलाच्या आजीचं समाधान' अशा घरांतूनही माझी पत्रिका परत येते. गेल्याच महिन्यात कल्याणहून एक आली. "मुलगी खूपच छान आहे, पण..." या 'पण'नंतर शेपूट असते.

आता जरा हिशेब करू. पत्रिकेत बारा घरं. आपल्याकडच्या रूढीप्रमाणे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष. म्हणजे बारातली पाच घरं. ढोबळ मानाने सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तुमच्या डब्यात शंभर माणसं असतील (हसू नका, धरून चला), तर त्यातल्या चाळीसेक जणांना मंगळ! म्हणून तर परिहारांची, म्हणजे सवलतींची, भलीमोठी यादी ज्योतिषांनी करून ठेवलीय. नाहीतर अर्ध्या डोंबिवलीची लग्नंच झाली नसती. आणि मंगळ कुठल्या घरात पडतो ते ठरतं 'लग्ना'वरून. हे लग्न म्हणजे मांडवातलं नव्हे, तर जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. ती साधारण दोन तासांनी बदलते. म्हणजे डॉक्टर जरा उशिरा पोचले असते, तर माझी शिंगं गळून पडली असती.

हे गुरुजींनाही माहीत असतं. ठाण्याचं एक नवं स्थळ आलं होतं आणि आदल्याच रात्री आई डाळ फोडणीला टाकता टाकता म्हणाली होती, "गुरुजी म्हणतात, वेळ वीस मिनिटं पुढे घेतली तर मंगळ सुटतो. घ्यायची का? कोण बघायला येतंय?"

मी "बघू" म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू? मोह झाला होता.

तर मी टीफलिंग घेतली. टीफलिंगांमध्ये एक पद्धत आहे. काही जण स्वतःचं नाव स्वतः ठेवतात, एखाद्या गुणाचं किंवा कल्पनेचं. होप, सॉरो, ग्लोरी वगैरे. मी नाव ठेवलं 'अंगारकी'. कारण आमच्या घरात मंगळाचा इलाज म्हणजे टिटवाळा. कल्याणहून कसारा लोकल पकडा, शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. तिथल्या गणपतीला विवाहविनायक म्हणतात. रखडलेली लग्नं जमतात, अशी श्रद्धा. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी, आणि त्या दिवशी तिथली रांग बघावी! या रांगेत ताटकळताना आईनेच मला गोष्ट सांगितली होती. अंगारक म्हणजे मंगळच. त्याने गणपतीची तपश्चर्या केली, आणि गणपतीने वर दिला की मंगळवारची चतुर्थी तुझ्या नावाने ओळखली जाईल. म्हणजे बघा, पत्रिकेत ज्याच्या नावाने लोक दारं लावतात, त्याच्याच नावाच्या दिवशी सगळ्यात मोठी रांग लागते.

आणि राक्षसाच्या वंशाचं म्हणाल, तर आपल्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरजच नाही. घटोत्कच आठवा. बाप भीम, आई हिडिंबा. महालात त्याला खोली कुणी दिली नाही, पण युद्धात बोलावणं धाडलं. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती या पोराने छातीवर घेतली. बळीराजा तर हिरण्यकशिपूचा पणतू, प्रल्हादाचा नातू. अस्सल असुर कुळ! तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याचंच राज्य येवो म्हणतो आणि शेतकऱ्याला त्याच्याच नावाने हाक मारतो. खंडोबाशी लढलेल्या मणीने मरताना देवापाशी जागा मागितली, आणि त्याला पूजेचा मान मिळाला. आपल्या गोष्टींमध्ये कूळ काय हा पहिला प्रश्न असतो, शेवटचा नसतो.

तुम्हीही शिंगं घ्यायच्या विचारात असाल, तर थोडा फुकटचा सल्ला. २०२४च्या नियमांत टीफलिंगचे तीन वारसे आहेत. इन्फर्नल घेतलात तर आगीचा मार निम्मा, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत सगळे मंत्र आग-अंधाराचे. अबिसल घेतलात तर विषाचा मार निम्मा आणि समोरच्याला जागच्या जागी खिळवायचा मंत्र. क्थॉनिक म्हणजे मरणाच्या, स्मशानाच्या जवळचे. तिघांनाही साठ फुटांपर्यंत अंधारात दिसतं. २०१४च्या पुस्तकात टीफलिंगला करिष्मा दोनने वाढवून मिळायचा, त्यामुळे जो तो टीफलिंग वॉरलॉक व्हायचा. आता हे आकडे कुळावरून मिळत नाहीत, तुम्ही आधी काय काम करत होतात त्यावरून मिळतात. मला हा बदल फार आवडला. आपल्या विवाहमंडळांनीही घ्यावा.

आणि हो, नुसतं 'कूल दिसतं' म्हणून घेऊ नका. तीन गोष्टी ठरवा. खूण कुठली, ती घरात कुणामुळे आली, आणि ती लपवायला तुम्हाला सगळ्यात आधी कुणी सांगितलं. तिसऱ्या उत्तरात तुमचं अख्खं पात्र असतं.

खेळ सुरू झाला. संध्याकाळी आम्ही एका गावाच्या वेशीवर पोचलो. पहारेकरी म्हणाला, "शिंगवालीला आत वस्ती नाही." याची सोय डीएमने आधीच करून ठेवली होती. वाटेत एका व्यापाऱ्याकडे 'हॅट ऑफ डिसगाइज' होती. जादूची टोपी. घातली की रूप बदलतं, शिंगं गायब.

"घाल ना यार," डेंटिस्ट म्हणाली. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

मी टोपीकडे बघत राहिले. एका रात्रीचा? उद्या सकाळी काढायची कशी? परवा? सासू-सासरे झोपल्यावर?

"नाही घालत," मी म्हटलं. "मी पहारेकऱ्याशी बोलते." फासा टाकला. तीन. वीसपैकी तीन! पहारेकऱ्याने दार लावलं. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. पण बाकीचे चौघं आत जाऊ शकत होते, आणि गेले नाहीत. बँकवाल्याने बाहेरच शेकोटी पेटवली. मध्यरात्री गॉब्लिन आले, आणि अंधारात ते पहिल्यांदा दिसले अंगारकीला.

रात्री घरी पोचले तर आई जागीच होती. पत्रिकेचा कागद टेबलावर, वेळेची जागा कोरी. मी पेन घेतलं आणि जी वेळ होती तीच लिहिली. "अशीच पाठव."

मला वाटलं चिडेल. ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "माझी आईने बदलली होती. पंचवीस मिनिटं."

मी बघतच राहिले. माझी आई! तेहतीस वर्षं संसार केलेली, मंगळागौरीला पोरींना फुगड्या शिकवणारी माझी आई! हिलाही शिंगं होती, आणि तेहतीस वर्षं टोपी डोक्यावर!

"बाबांना माहितीये?"

"वेडी आहेस का? पहिली पाच वर्षं त्यांना नुसता ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. वाटायचं, माझ्यामुळेच." मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "तुला हे नको. बरं केलंस."

पत्रिका गेली त्याला आता तीन आठवडे झाले. ठाण्याहून काही कळलेलं नाही. फोन आला तर येईल, नाहीतर फासा आहेच, पुन्हा टाकू. आईला मात्र खेळात भलताच इंटरेस्ट आलाय. काल विचारत होती, "तुझ्या त्या अंगारकीला कुशीवर झोपताना शिंगं टोचत नाहीत का गं?" पुढच्या रविवारी तिला घेऊनच जाणार आहे.

आणि बाबा, तुम्ही हा कॉलम दर आठवड्याला वाचता हे मला माहीत आहे. तुमची तब्येत उत्तम आहे. चहा घ्या, गार होतोय. आणि आईला काही विचारू नका.