हात डावा, म्हणून मेंदू उजवा?

डावखुऱ्या माणसाचा उजवा मेंदू वरचढ असतो. उजवा मेंदू म्हणजे प्रतिभा. सबब डावखुरे अधिक हुशार, असे अनुमान सर्रास मांडले जाते. मुलांचा ‘उजवा मेंदू जागवणारे’ महागडे वर्ग याच भांडवलावर चालतात. डावा हात उजव्या गोलार्धाच्या हुकमात असतो, एवढे खरे. पुढचे सगळे ठिसूळ आहे.

पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकात वाचेचे केंद्र डाव्या गोलार्धात असल्याचे दाखवले. त्यावरून डावखुऱ्यांत ते उजवीकडे असणार, असे पुढे गृहीत धरले गेले. ही समजूत जपानी डॉक्टर जून वाडा यांच्या चाचणीने मोडीत निघाली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला दोन्ही हात वर धरून आकडे मोजायला सांगतात आणि मेंदूच्या एका बाजूला रक्त नेणाऱ्या रोहिणीत गुंगीचे औषध सोडतात. काही क्षणांत विरुद्ध बाजूचा हात खाली पडतो. औषध भाषेच्या गोलार्धात पोचले असेल, तर मोजणीही थांबते. माँट्रिअलच्या रास्मुसेन व मिल्नर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांची वाचा डावीकडे होती. डावखुऱ्यांतही ७० टक्क्यांची डावीकडेच. उरलेल्या डावखुऱ्यांपैकी निम्म्यांची उजवीकडे, निम्म्यांची दोन्हीकडे.

‘उजव्या मेंदू’च्या मताचा दुसरा आधार म्हणजे गोलार्धांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना मिळालेले १९८१ चे नोबेल. पण त्यांच्या रुग्णांचे दोन गोलार्ध जोडणारा मज्जातंतूंचा पट्टाच शस्त्रक्रियेने कापलेला होता. तो शाबूत असलेल्या माणसाला ‘उजव्या मेंदूचा’ ठरवणे हा स्पेरींवर अन्याय आहे. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये हजाराहून अधिक मेंदूंची चित्रे तपासली. त्यांत कोणाचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा भाग प्रबळ आढळला नाही.

आता बुद्धी. अनेक पाहण्या एकत्र केल्यावर दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकांतील फरक नगण्य ठरतो, आणि जो किंचित दिसतो तो उजव्या हाताच्या लोकांच्या बाजूने. डावखुऱ्या थोरांच्या याद्यांचे तर विचारूच नये: त्यांत हटकून येणारे आइन्स्टाइन उजव्या हाताने लिहीत. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, फलंदाजी करायचा उजव्या. सौरव गांगुलीचे नेमके उलट. अशांना कोणत्या मेंदूच्या खात्यात टाकणार?

म्हणून दोन्ही गोलार्ध सारखेच, असेही नाही. कामांची वाटणी खरी आहे, पण ती कामागणिक वेगळी असते. शब्द व व्याकरण बहुतांशी डावीकडे, तर अवकाशाचे भान मुख्यतः उजवीकडे. मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा आघात झालेला रुग्ण कधीकधी ताटातला डावीकडचा भात तसाच ठेवतो. डोळे चांगले असूनही ती बाजू त्याच्या लेखी नसतेच. डावखुऱ्यांत ही वाटणी अधिक विविध असते, आणि हाच त्यांचा खरा वेगळेपणा. त्यामुळेच भाषेच्या भागाजवळ शस्त्रक्रिया करायची असेल, तर मेंदूचे शल्यविशारद नुसत्या हातावरून अंदाज बांधत नाहीत. वाचा कोणत्या बाजूला आहे हे आधी तपासून घेतात.